ब्लँक स्वच्छ, तरी निगेटिव्ह सीरम रंगतं: आयजीई एलायझातली पुन्हापुन्हा येणारी अडचण

आयजीई म्हणजे अॅलर्जीशी जोडलेली, रक्ताच्या सीरममध्ये अत्यल्प असणारी अँटिबॉडी, आणि एलायझा म्हणजे प्लेटच्या छोट्या खळग्यांत (वेलमध्ये) अँटिबॉडी पकडून ती रंगावरून मोजायची चाचणी. तिच्यातल्या एका अडचणीचं लक्षण साधारण असं असतं. प्लेटवरचे बफरचे ब्लँक, म्हणजे सीरमऐवजी नुसतं बफर घातलेले वेल, अगदी खाली, ओडी (रंगाची तीव्रता) ०.०५ च्या आसपास. स्टँडर्डचा (प्रमाण आधीच माहीत असलेल्या नमुन्यांचा) कर्व्ह सुरेख, डुप्लिकेटही जुळलेले. तरीही ज्या व्यक्तीला त्या अ‍ॅलर्जनचा कधीच त्रास झालेला नाही, तिच्या सीरमचा ओडी ०.३ किंवा ०.४ येतो. शेजारचं दुसरं निगेटिव्ह सीरम मात्र शांत असतं. प्लेट पुन्हा लावली तर तेच सीरम पुन्हा वर जातं. मग वॉश वाढवले जातात, कॉन्जुगेट (रंग देणारं एन्झाइम जोडलेलं अँटी-आयजीई, म्हणजे आयजीईला ओळखणारी अँटिबॉडी) आणखी पातळ केलं जातं, किटचा लॉट बदलून पाहिला जातो. बॅकग्राउंड थोडं उतरतं, पण त्याबरोबर खऱ्या पॉझिटिव्ह नमुन्यांचा सिग्नलही उतरतो आणि काही दिवसांनी तक्रार पुन्हा तीच.

ठरावीक सीरमच दर वेळी रंगत असेल, तर दोष वॉशमध्ये असण्याची शक्यता कमी. वॉशची चूक जागा बदलत फिरते: आज या ओळीत, उद्या त्या. सीरमला धरून राहणारी चूक सीरममधल्या कशामुळे तरी होते. बफरच्या ब्लँकमध्ये सीरमच नसतं, त्यामुळे तो कितीही स्वच्छ असला तरी या प्रश्नाबद्दल काहीच सांगत नाही. आयजीई मोजताना बहुतेक वेळ वाया जातो तो इथेच, ब्लँकवर विश्वास ठेवून.

आधी आकडे

आयजीजीची (रक्तातल्या सर्वांत मुबलक अँटिबॉडीची) एलायझा व्यवस्थित चालवणाऱ्या प्रयोगशाळेतही आयजीईची एलायझा अडते, ती प्रमाणामुळे. प्रौढ माणसाच्या सीरममध्ये आयजीजी साधारण १० मिलीग्रॅम प्रति मिली असतं. एकूण आयजीई १०० किलोयुनिट प्रति लिटर धरलं, तर एक किलोयुनिट म्हणजे सुमारे २.४ मायक्रोग्रॅम या हिशेबाने ते २४० नॅनोग्रॅम प्रति मिली भरतं, म्हणजे आयजीजीच्या सुमारे चाळीस हजारांश. आपल्याला तर एका अ‍ॅलर्जनविरुद्धचं आयजीई हवं आहे. त्याची जुनी सीमारेषा ०.३५ किलोयुनिट प्रति लिटर, म्हणजे जेमतेम ०.८ नॅनोग्रॅम प्रति मिली. या पातळीला प्रत्येक आयजीई रेणूमागे आयजीजीचे कोटीहून जास्त रेणू असतात.

याचे दोन परिणाम होतात. पहिला म्हणजे सीरम फार पातळ करता येत नाही. आयजीजीसाठी आपण शंभरपट, हजारपट पातळ करतो. आयजीईसाठी पाचपट किंवा दहापटीच्या पुढे गेलो की सिग्नलच जातो. म्हणजे वेलमध्ये एक मिलीग्रॅम प्रति मिली एवढं आयजीजी, अल्ब्युमिन, लिपिड, कॉम्प्लिमेंट (रोगप्रतिकारक प्रोटीनं) असं सगळं तासभर प्लेटला लागून राहतं. दुसरा परिणाम असा की अँटी-आयजीई कॉन्जुगेट आयजीजीला नगण्य म्हणावं इतकंच ओळखत असलं, तरी इथे ते नगण्य राहत नाही. लाखात एक एवढी क्रॉस-रिअ‍ॅक्शनसुद्धा खऱ्या सिग्नलच्या बरोबरीला येऊ शकते.

आयजीईचा शोध १९६६-६७ च्या सुमारास लागला. डेन्व्हरमध्ये इशिझाका दांपत्याने आणि उप्सालामध्ये योहान्सन आणि बेनिक यांनी तो स्वतंत्रपणे लावला. १९६७ मध्येच उप्सालाच्या गटाने किरणोत्सर्गी अँटी-आयजीई वापरून रास्ट ही चाचणी मांडली. घन पृष्ठभागावर अ‍ॅलर्जन, त्यावर सीरम, त्यावर खूण लावलेलं अँटी-आयजीई ही रचना आजही तीच आहे. त्यामुळे तिच्या मूळ अडचणीही आपल्याकडे तशाच आल्या आहेत. खूण किरणोत्सर्गी होती ती एन्झाइमची झाली, तेव्हा काही नव्या अडचणींची भर पडली. त्या पुढे येतीलच.

चार वेल लावा, मग बोला

काहीही बदलण्याआधी संशयित सीरमसाठी चार प्रकारचे वेल लावा, प्रत्येकी डुप्लिकेटमध्ये. त्याच प्लेटवर एक शांत निगेटिव्ह आणि एक खात्रीचं पॉझिटिव्ह सीरमही याच पद्धतीने चालवा, नाहीतर तुलना करायला काही राहत नाही.

पहिला वेल नेहमीचा: कोटिंग (प्लेटला अॅलर्जन लावणं), ब्लॉकिंग (उरलेलं मोकळं प्लास्टिक झाकणं), सीरम, अँटी-आयजीई, सबस्ट्रेट (एन्झाइममुळे रंगणारं रसायन), सगळं. दुसऱ्यात कोटिंगच्या वेळी अ‍ॅलर्जन नाही, फक्त कोटिंग बफर. पुढचं सगळं तसंच. तिसऱ्यात अ‍ॅलर्जन आणि सीरम आहे, पण अँटी-आयजीई नाही. तुमची पद्धत बायोटिन लावलेलं अँटी-आयजीई आणि मग स्ट्रेप्टॅव्हिडिन-एचआरपी (स्ट्रेप्टॅव्हिडिन बायोटिनला घट्ट धरतं, एचआरपी हे रंग देणारं एन्झाइम) अशी असेल, तर या वेलमध्ये थेट स्ट्रेप्टॅव्हिडिन-एचआरपी घाला. एचआरपी थेट अँटी-आयजीईला जोडलेलं असेल, तर त्याच प्राण्याची, तेवढ्याच प्रमाणातली, पण आयजीईशी संबंध नसलेली एचआरपी जोडलेली अँटिबॉडी वापरा. चौथ्यात अ‍ॅलर्जन आहे, सीरमच्या जागी बफर आणि पुढचं सगळं. नेहमीचा ब्लँक तो हाच.

या चार आकड्यांवरून पुढची वाट ठरते. कोणते वेल रंगले हे न पाहता केलेला प्रत्येक बदल अंदाजाने केलेला असतो, आणि अंदाजाने एकदा जमलं तरी पुढच्या लॉटला पुन्हा बिघडतं.

दुसरा वेल रंगला: ब्लॉकरच अ‍ॅलर्जन आहे

अ‍ॅलर्जन नसलेला वेल रंगतो, म्हणजे सीरममधलं काहीतरी प्लास्टिकला किंवा ब्लॉकरला चिकटतंय. प्लास्टिकला चिकटत असेल तर ब्लॉकिंग अपुरं आहे. वेळ वाढवा, सीरमच्या डायल्युअंटमध्ये (पातळ करायच्या द्रवात) ०.०५ टक्के ट्वीन-२० (सौम्य डिटर्जंट) आणि ब्लॉकर दोन्ही आहेत ना ते पाहा. पण अ‍ॅलर्जीच्या नमुन्यांत जास्त वेळा आढळणारं कारण वेगळं असतं, आणि इतर एलायझांच्या सवयीमुळे ते सुटून जातं.

आपण ब्लॉकिंगसाठी काय वापरतो? बीएसए (गायीचं सीरम अल्ब्युमिन), दुधाची पावडर, कधी माशाचं जिलेटिन. यातला प्रत्येक पदार्थ स्वतःच अ‍ॅलर्जन आहे. गायीच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाचं सीरम दुधाच्या पावडरीने ब्लॉक केलेल्या प्लेटवर घातलं, तर ते केसीनला आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनला धरणारच. कोटिंग शेंगदाण्याचं आहे की परागकणांचं, त्याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. बीएसए तर गायीच्या अ‍ॅलर्जनांच्या यादीत बॉस डी ६ या नावाने नोंदलेलं आहे, आणि त्याविरुद्धचं आयजीजी अनेक निरोगी माणसांतही सापडतं.

याची उलटी बाजू जास्त धोक्याची आहे. कोटिंग दुधाचं असेल आणि डायल्युअंटमध्येही दुधाची पावडर असेल, तर रुग्णाचं आयजीई विरघळलेल्या दुधालाच चिकटून वॉशमध्ये निघून जातं. एकच ब्लॉकर शेंगदाण्याच्या प्लेटवर खोटं पॉझिटिव्ह देतो आणि दुधाच्या प्लेटवर खोटं निगेटिव्ह. खोटं पॉझिटिव्ह निदान संशय तरी निर्माण करतं. खोटं निगेटिव्ह गुपचूप अहवालात जातं आणि त्यावर भरवसा ठेवून एखाद्या मुलाला तो पदार्थ दिला जाऊ शकतो. म्हणून ब्लॉकरची निवड ही किरकोळ बाब समजू नका.

माणसाचे नमुने असतील तर माणसाचं सीरम अल्ब्युमिन हा सुरक्षित पर्याय आहे. खर्च परवडत नसेल तर पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारखा प्रोटीन नसलेला ब्लॉकर वापरून पाहा. दुधाच्या पावडरीत बायोटिनही असतं, त्यामुळे स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या पद्धतीत ती तशीही टाळलेली बरी. ब्लॉकर बदलला की कोटिंगचं आणि कॉन्जुगेटचं प्रमाण पुन्हा तपासून घ्यावं लागतं.

दुसऱ्या वेलचा ओडी पहिल्यातून वजा करून मोकळं व्हावं असा मोह होतो. तो आकडा छोटा आणि सगळ्या सीरममध्ये सारखा असेल तर वजाबाकी चालते. पण तो पहिल्याच्या निम्मा किंवा त्याहून जास्त असेल तर वजाबाकीने येणाऱ्या उत्तराला अर्थ नाही. अ‍ॅलर्जन लावलेल्या प्लास्टिकवर उरलेली मोकळी जागा आणि नुसत्या ब्लॉकरने भरलेली जागा सारखी नसते.

तिसरा वेल रंगला: एचआरपी स्वतः ग्लायकोप्रोटीन आहे

अँटी-आयजीई घातलेलंच नाही आणि तरी रंग आला. म्हणजे सीरममधलं काहीतरी थेट एन्झाइमला, स्ट्रेप्टॅव्हिडिनला किंवा, असंबंधित अँटिबॉडी वापरली असेल तर, त्या प्राण्याच्या अँटिबॉडीला पकडतंय.

एचआरपी हे वनस्पतीतून काढलेलं पेरॉक्सिडेझ. वनस्पतींच्या प्रोटीनवर ज्या साखरेच्या साखळ्या असतात, त्यांत अल्फा-१,३ फ्युकोज आणि बीटा-१,२ झायलोज असतात. माणसाच्या प्रोटीनवर या रचना नसतात, म्हणून आपलं शरीर त्यांना परकं समजतं. परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्या किंवा मधमाशी-गांधील चावलेल्या बऱ्याच लोकांच्या रक्तात या साखरेविरुद्ध अँटिबॉडी असतात. साखरेच्या या रचनांनाच सीसीडी (क्रॉस-रिअॅक्टिव्ह कार्बोहायड्रेट डिटरमिनंट) म्हणतात. आता प्लेटवर वनस्पतीचा अर्क लावलेला आहे, त्यावर तीच साखर आहे. अँटिबॉडीची एक भुजा प्लेटवरच्या साखरेला धरते, दुसरी मोकळी भुजा एचआरपीवरच्या साखरेला. मध्ये अँटी-आयजीईची गरजच उरत नाही. हे काम आयजीजीसुद्धा करू शकतं, त्यामुळे आलेला रंग आयजीईचा असेलच असं नाही.

उपाय दोन. डायल्युअंटमध्ये ब्रोमेलेनपासून बनवलेला सीसीडी इन्हिबिटर (हीच साखर असलेला, त्या अँटिबॉडींना गुंतवून ठेवणारा पदार्थ) घालून सीरम आधी तासभर ठेवा. किंवा एन्झाइम बदला: वासराच्या आतड्यातून मिळणाऱ्या अल्कलाइन फॉस्फेटेझवर वनस्पतींची ही साखर नसते. फक्त मग वॉश बफर फॉस्फेटचा चालणार नाही, कारण फॉस्फेट त्या एन्झाइमला दाबतं. ट्रिस बफर घ्या.

चौथा वेल रंगला

इथे सीरम नाही, तेव्हा दोष तुमच्या सामानातच आहे. कॉन्जुगेट जास्त झालं असेल किंवा अँटी-आयजीई थेट अर्काला चिकटत असेल. या अडचणीत चौथा वेल बहुधा स्वच्छच असतो, म्हणून फार लांबण लावत नाही. एक गोष्ट मात्र पाहा: कच्च्या वनस्पतींच्या अर्कात त्यांचं स्वतःचं पेरॉक्सिडेझ असतं आणि कच्च्या दुधात लॅक्टोपेरॉक्सिडेझ. नुसतं कोटिंग केलेल्या वेलमध्ये थेट टीएमबी (पेरॉक्सिडेझमुळे निळं होणारं सबस्ट्रेट) घाला. निळा रंग आला तर एन्झाइम अर्कातलंच आहे. कोटिंगनंतर सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडची प्रक्रिया करून ते मारता येतं, पण त्याने अ‍ॅलर्जनच्या रचनेला धक्का लागला नाही ना, हे पॉझिटिव्ह सीरमवर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फक्त पहिला वेल रंगला

सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाची स्थिती हीच. सीरममधली अँटिबॉडी खरोखर अ‍ॅलर्जनला धरते आहे. ती आयजीई आहे की आयजीजी, एवढाच प्रश्न उरतो. आयजीई असेल तर ती प्रोटीनला धरते की साखरेला, हा पुढचा प्रश्न.

पहिल्या प्रश्नासाठी एकच प्रयोग सुचवायचा झाला तर मी प्रोटीन-जी सुचवेन. प्रोटीन-जी आयजीजीच्या चारही उपवर्गांना धरतं आणि आयजीईला धरत नाही. प्रोटीन-ए वापरू नका. ते आयजीजी३ सोडून देतं आणि काही अँटिबॉडींच्या फॅब भागाला (लक्ष्याला धरणाऱ्या भुजेला) चिकटतं, त्यामुळे आयजीईचा काही भाग सोबत जाऊ शकतो. सीरमचे दोन भाग करा. एक प्रोटीन-जीच्या मण्यांबरोबर फिरवा, दुसरा प्रोटीन-जी नसलेल्या त्याच मण्यांबरोबर. दोन्ही तितकेच पातळ होतील याची काळजी घ्या. आयजीजी प्रचंड असल्यामुळे एका फेरीत मणी भरून जातात. त्यांची क्षमता पाहून दोन फेऱ्या करा. मग दोन्ही भागांत एकूण आयजीई मोजा. ते सारखं आलं तर आयजीई वाटेत हरवलेलं नाही, आता नेहमीची चाचणी दोन्हींवर करा.

सिग्नल कोसळला तर तो आयजीजीमुळे येत होता. कॉन्जुगेट आयजीजीला ओळखतंय. शुद्ध मानवी आयजीजी थेट प्लेटवर लावून कॉन्जुगेट तपासा, खात्री होईल. पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण असलेल्या) अँटी-आयजीईच्या जागी मोनोक्लोनल (एकाच प्रकारची अँटिबॉडी) घेणं हा इथला कायमचा इलाज. सिग्नल तसाच राहिला तर ते बहुधा आयजीईच आहे. आणि सिग्नल वाढला, तर या सीरममध्ये आयजीजी आयजीईला अडवत होतं, त्याबद्दल पुढे.

एक अपवाद लक्षात ठेवा. संधिवाताच्या रुग्णांत सापडणारा र्‍हुमेटॉइड फॅक्टर बहुतेक वेळा आयजीएम वर्गाचा असतो. तो अ‍ॅलर्जनवर बसलेल्या आयजीजीला आणि प्राण्याच्या अँटी-आयजीईला एकत्र बांधू शकतो. प्राण्यांच्या अँटिबॉडींना धरणाऱ्या हेटेरोफाइल अँटिबॉडींचं वागणंही असंच. डायल्युअंटमध्ये त्याच प्राण्याचं साधं, असंबंधित आयजीजी भरपूर घातल्यावर सिग्नल उतरला, तर कारण हे आहे. अँटी-आयजीईचा एफसी भाग (भुजा सोडून उरलेला दांडा) काढलेला एफ(एबी)२ तुकडा वापरला की र्‍हुमेटॉइड फॅक्टरचा त्रास बराच कमी होतो.

आयजीई आहे हे ठरल्यावर दुसरा प्रश्न. सीरम सीसीडी इन्हिबिटरबरोबर ठेवून पुन्हा मोजा. सिग्नल बहुतेक गेला तर आयजीई साखरेविरुद्धचं होतं. ते खरं आयजीई असतं, चाचणीने चूक केलेली नसते, पण अशा आयजीईमुळे माणसाला सहसा लक्षणं होत नाहीत. ई. कोलायमध्ये बनवलेल्या रिकॉम्बिनंट अ‍ॅलर्जनवर ही साखर चढत नाही, त्यामुळे ते वापरूनही निवाडा करता येतो. शेवटी, विरघळलेल्या अ‍ॅलर्जनबरोबर सीरम आधी ठेवून इन्हिबिशन करा. प्रमाण वाढवत नेल्यावर सिग्नल पायरीपायरीने उतरला पाहिजे, आणि असंबंधित अ‍ॅलर्जनने उतरता कामा नये.

एकूण आयजीई हजारो किलोयुनिट असेल, जसं तीव्र एक्झिमात किंवा जंतांच्या संसर्गात असतं, तर बऱ्याच अ‍ॅलर्जनांना थोडंथोडं पॉझिटिव्ह येतं. अशा नमुन्याच्या अहवालात एकूण आयजीईचा आकडा सोबत असायलाच हवा.

याच नाण्याची दुसरी बाजू: खरं पॉझिटिव्ह खाली येतं

ज्या प्रयोगशाळेत निगेटिव्ह सीरम रंगतं, तिथेच बहुधा काही खात्रीचे रुग्ण निगेटिव्ह निघत असतात, पण तक्रार पहिल्याचीच होते. कारण पुन्हा आयजीजीच. प्लेटच्या सपाट तळावर मावणारं अ‍ॅलर्जन थोडं, आणि त्याच जागांसाठी आयजीजी, विशेषतः आयजीजी४, आयजीईशी झगडतं. इम्युनोथेरपी (अॅलर्जनच वाढत्या मात्रेत देण्याचा उपचार) घेतलेल्या रुग्णांत आयजीजी४ दहापट ते शंभरपट वाढतं. त्यांचं आयजीई कमी झालेलं दिसतं, पण ते खरंच कमी झालंय की झाकलं गेलंय, हे या पद्धतीत कळत नाही. उपचारांचा परिणाम मोजणाऱ्या अभ्यासात ही चूक निष्कर्षच फिरवू शकते.

ओळखायचं कसं? सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जा आणि प्रत्येक पायरीवर मूळ सीरमचं प्रमाण काढा. ते पायरीपायरीने वाढत गेलं तर काहीतरी अडवत होतं. कोटिंगचं प्रमाण वाढवून सिग्नल वाढतो का, तेही पाहा. प्रोटीन-जीने सिग्नल वाढला तर शंका उरत नाही.

सेल्युलोजच्या सच्छिद्र स्पंजवर भरपूर अ‍ॅलर्जन बांधणाऱ्या पद्धती, उदाहरणार्थ इम्युनोकॅप, याच कारणाने या झगड्यात कमी सापडतात. प्लेटवरच काम करायचं असेल तर रचना उलटी करा. आधी प्लेटला अँटी-आयजीई लावा, त्याने सीरममधलं सगळं आयजीई पकडू द्या, आयजीजी वॉशमध्ये घालवा आणि मग बायोटिन लावलेलं अ‍ॅलर्जन घाला. या रचनेत आयजीजीचा अडथळा आणि कॉन्जुगेटची क्रॉस-रिअ‍ॅक्शन दोन्ही एकदम सुटतात. मला ती मनापासून पसंत आहे. तिच्या मर्यादाही आहेत. एकूण आयजीई खूप असेल तर पकडण्याच्या जागा भरून जातात आणि हवं ते आयजीई बाहेर राहतं. बायोटिन लायसिनवर बसतं, त्यामुळे काही एपिटोप (अँटिबॉडी धरते त्या जागा) झाकले जातात.

अर्काचा दोषही इथेच पाहायचा. अनेक प्रोटीनांच्या मिश्रणात महत्त्वाचं अ‍ॅलर्जन थोडंच असू शकतं. बर्चच्या बेट व्ही १ शी नातं असलेली नाजूक प्रोटीनं, जसं हेझलनटमधलं कॉर ए १ किंवा सोयाबीनमधलं ग्लाय एम ४, अर्क काढतानाच घटतात. शेंगदाण्याची ओलिओसिनं तेलकट असल्याने पाण्यातल्या अर्कात उतरतच नाहीत. धूळ-माइटच्या अर्कात डेर पी १ हे स्वतःच प्रोटीएझ आहे; ते शेजारच्या प्रोटीनांना कापतं, म्हणून अर्क बर्फावर ठेवा आणि प्रोटीएझ इन्हिबिटर घाला. अर्काचा लॉट बदलला की जुन्या-नव्या लॉटवर तीच सीरम शेजारीशेजारी चालवा.

नमुन्यात आधीच घडलेल्या गोष्टी

सीरम ५६ अंश सेल्सिअसला तापवलं होतं का, हे विचारा. कॉम्प्लिमेंट मारण्यासाठी अर्धा तास तापवणं ही अनेक ठिकाणची सवय आहे. आयजीईचा एफसी भाग या तापमानाला बिघडायला लागतो. अ‍ॅलर्जनला धरणारा भाग टिकतो, पण तुमचं अँटी-आयजीई बिघडलेल्या जागेला ओळखणारं असेल तर सिग्नल जातो.

रुग्ण ओमालिझुमॅब (आयजीईला बांधणारं औषध) घेत असेल तर एकूण आयजीई वाढलेलं दिसतं, कारण औषधाला बांधलेलं आयजीई शरीरातून हळू निघतं. मोकळं आयजीई मात्र कमी झालेलं असतं. औषध बंद केल्यावरही ही वाढ बरेच महिने टिकू शकते. त्यातच तुमचं अँटी-आयजीई औषधाच्याच जागेला चिकटणारं असेल तर आकडा खाली येतो. औषधाची नोंद नसलेल्या नमुन्यावर यातलं काहीच ओळखता येत नाही.

केस-नखांसाठी जास्त मात्रेत बायोटिन घेणारे लोक बरेच असतात. सीरमनंतर वॉश करून मग स्ट्रेप्टॅव्हिडिन घालणाऱ्या पद्धतीत ते बायोटिन धुऊन जातं. सगळं एकाच टप्प्यात मिसळणाऱ्या पद्धतीत मात्र सँडविचचा आकडा खोटा कमी येतो. एकाच टप्प्याच्या पद्धतीत एकूण आयजीई अतिशय जास्त असेल तर हूक इफेक्टही (आयजीई अति झाल्याने सिग्नल उलट उतरणं) होतो. दहापट पातळ करून आकडा वाढला तर तेच.

वितळवलेलं सीरम नळी उलटीसुलटी करून नीट मिसळा. वितळताना प्रोटीन तळाशी जमतं, आणि वरचा थर उचलला तर आकडा कमी येतो. फायब्रिनचे धागे दिसले तर सेंट्रिफ्यूज करा. नमुन्यात किंवा कंट्रोलमध्ये सोडियम अझाइड असेल तर ते एचआरपीला मारतं.

बाकीचं थोडक्यात

वॉशमध्ये प्रत्येक वेळी ३०० मायक्रोलिटरच्या वर द्रव आणि अर्धा मिनिट भिजवणं पुरतं. वॉशरची एखादी सुई तुंबली असेल तर एकाच ओळीत चूक दिसते. कडेचेच वेल वर जात असतील तर प्लेट फ्रिजमधून काढून थेट वापरली जातेय किंवा प्लेटांची चळत लावली जातेय. कर्व्ह फोर-पॅरामीटरने (एस-आकाराच्या वक्राच्या सूत्राने) बसवा, सरळ रेषेने नाही. आणि सर्वांत खालच्या स्टँडर्डच्या खाली आकडा देऊ नका, 'त्यापेक्षा कमी' एवढंच लिहा.

स्टँडर्ड एकूण आयजीईचं असेल तर ते जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डशी जोडलेलं आहे का ते पाहा. सध्याचं तिसरं, क्रमांक ११/२३४. तेवढ्याने दोन वेगवेगळ्या पद्धतींचे अ‍ॅलर्जन-विशिष्ट आकडे एकसारखे होत नाहीत, कारण त्यांचे अर्क वेगळे असतात. एका रुग्णाचा कालानुरूप बदल पाहायचा तर पद्धत एकच ठेवा, आणि जमलं तर जुना व नवा नमुना एकाच प्लेटवर लावा.

अहवालात 'अ‍ॅलर्जी आहे' असं लिहू नका. चाचणी सेन्सिटायझेशन, म्हणजे शरीरात त्याविरुद्ध आयजीई तयार झालंय एवढंच दाखवते; त्रास होतो की नाही ते रुग्णाच्या इतिहासावरून आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या चॅलेंजवरून (तो पदार्थ देऊन पाहण्यावरून) ठरतं. दुसऱ्या वेलमध्ये बॅकग्राउंड जास्त आलेल्या सीरमला आकडा न देता 'या पद्धतीने मोजता येत नाही' असा शेरा द्या आणि दुसऱ्या रचनेने मोजा.

नमुना थोडाच असेल तर

लहान मुलांचं सीरम मोजकंच मिळतं. दहापट पातळ करून १०० मायक्रोलिटरचा वेल भरला तर प्रत्येक वेलला १० मायक्रोलिटर सीरम जातं. सीरम लागणारे तीन वेल डुप्लिकेटमध्ये लावले तर ६० मायक्रोलिटर पुरतं, पिपेटसाठी थोडं जास्त धरा. तेवढंही नसेल तर पहिला आणि दुसरा वेल आधी लावा. तिसरा सोडता येईल, दुसरा कधीच नाही. प्रोटीन-जीचा प्रयोग ब्लॉकरचा संशय मिटल्यावरच करा. उरलेलं सीरम ५० मायक्रोलिटरच्या छोट्या नळ्यांत वाटून उणे २० अंशाला किंवा त्याखाली ठेवा, म्हणजे उलट्या रचनेने फेरतपासणी करायची वेळ आली तर एकच नळी वितळवावी लागेल. प्रत्येक नळीवर तारीख, सीरम तापवलं होतं की नाही, आणि रुग्ण ओमालिझुमॅब, बायोटिन किंवा इम्युनोथेरपी घेत होता का, हे लिहून ठेवा.